लेंगीच्या फेऱ्यात कॅमेरा

वाशीमसारख्या जिल्ह्याच्या गावी चित्रीकरणाचा धंदा पत्करलेल्या मनुष्यास नृत्य ही वस्तू प्रथम भेटते ती लग्नाच्या वरातीत, आणि ज्या रूपाने ती तेथे भेटते त्यास कलेचे नाव देण्याचे धाडस कोणी रसिक सहसा करावयाचा नाही. १९९८ सालच्या जुलै महिन्याच्या पहिल्या तारखेस अकोल्यापासून विभक्त होऊन आमचा जिल्हा अस्तित्वात आला, त्या सुमारास व्हीएचएसचा अवजड कॅमेरा खांद्यावर घेऊन मी वरातीपुढे उलट्या पावली चालत असे, आणि माझ्या बाजूने हॅलोजनचा दिवा उंच धरून, मागे लोंबणारी वायर पायाने सावरीत एक पोरगा चालत असे. नाचणारी मंडळी बँडच्या तालावर नाचतात ही सर्वसाधारण समजूत निम्मीच खरी आहे, हे मला त्या पोरामुळे कळले. तो कंटाळून दिवा या हातातून त्या हातात घेई, तेव्हा प्रकाशाचा झोत जिकडे वळेल तिकडे नवरदेवाचे मित्र, मामे, मावसभाऊ असा सारा जथा सरके. दिवा खाली आला की मंडळी वाकून नाचत, वर गेला की हात उंचावत. नृत्यदिग्दर्शन हा शब्दही त्या पोराने ऐकलेला नव्हता. परंतु वरातीचे नृत्य बसवीत असे तोच.

फिती गेल्या, चकत्या आल्या आणि त्याही गेल्या. फिरत्या बदामात वधूवरांचे मुखडे बसविण्याची कारागिरी, जिच्यावर आमच्या पिढीने पुष्कळ पैसा कमावला, ती आज कोणी फुकटही करून मागत नाही. त्या स्थित्यंतराची कैफियत येथे सांगत बसण्यात मतलब नाही. सांगावयाचे आहे ते त्यानंतरच्या एका कामाविषयी, जे मला उतारवयात अकल्पितपणे मिळाले. पुण्याच्या एक नृत्यदिग्दर्शिका, मूळच्या कथकच्या व पुढे ज्याला समकालीन नृत्य म्हणतात त्या वाटेने गेलेल्या, समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्याकडे येणे सुकर झाल्यामुळे म्हणा किंवा पुण्यातल्या त्याच त्या चेहऱ्यांना कंटाळून म्हणा, मानोरा तालुक्यातील बंजारा तांड्यांवर येऊ लागल्या होत्या. त्यांना होळीच्या लेंगीचे, म्हणजे बंजारा बायांच्या फेऱ्यातील गाण्या-नाचाचे, चित्रीकरण करावयाचे होते, त्या चित्रीकरणातून संगणकाच्या साहाय्याने नर्तकींच्या हालचालींचा सांगाडा वेगळा काढावयाचा होता, आणि पुढे रंगमंचावर जाळीदार पडद्यावर तो सांगाडा व पडद्यामागे जिवंत नर्तकी अशी एकत्र रचना करावयाची होती. त्या मला काका म्हणत, मी त्यांना बाई म्हणे. माझे काम कॅमेरा, दिवे, वीज आणि तांड्यातील बोलणी.

कॅमेरा आणि नृत्य यांचा हा संसार नवा आहे असे बाईंच्या बरोबरच्या तरुण मंडळींस वाटत असे, आणि त्यांच्या उत्साहावर पाणी घालण्याचे कारण नव्हते. परंतु दादासाहेब फाळके यांनी १९१९ साली ‘कालिया मर्दन’ काढला तेव्हा आपल्या चिमुरड्या कन्येला, मंदाकिनीला, कृष्ण करून नागाच्या फण्यावर नाचविले, आणि चित्रपटाच्या आरंभी केवळ तिच्या मुद्रेवरील भाव एकामागून एक दाखवून, हीच मुलगी पुढे कृष्ण होणार आहे, हे प्रेक्षकांस आधी पटवून दिले, याचा विसर पडू नये. नर्तक उदय शंकर यांनी मद्रासेच्या जेमिनी स्टुडिओत ‘कल्पना’ हा नृत्यपट करून १९४८ साली तो लोकांपुढे आणला, आणि वार्धक्यात, १९७० साली, ‘शंकरस्कोप’ या प्रयोगात पडदा आणि रंगमंच यांची सरमिसळ करून दाखविली. तिकडे अमेरिकेत माया डेरेन या बाईने १९४५ साली केलेल्या, तीन मिनिटेही न चालणाऱ्या एका चित्रफितीत, नर्तक पाय उचलतो तो अरण्यात आणि टेकवितो तो घरातल्या खोलीत. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम यांच्या १९९९ सालच्या ‘बायपेड’ या रचनेत तर नर्तकांच्या अंगावर चमकते मणी लावून टिपलेल्या हालचाली रेषांच्या आकृती होऊन पडद्यावर नाचत आणि खरे नर्तक त्यांच्या मागे नाचत. बाईंच्या मनात जे होते त्याचे कूळ हे शेवटचे. या साऱ्यांत एक गोष्ट मला समान दिसते: प्रत्येक वेळी यंत्राने देहापासून काहीतरी सोडविले आहे, फाळक्यांनी मुद्रा, डेरेनबाईंनी जागा, कनिंगहॅम यांनी खुद्द देहच. सोडविताना मागे काय राहिले, याचा हिशेब मात्र फारसा कोणी मांडीत नाही.

आमच्या वाशीमास नृत्याच्या बाबतीत बोलण्याचा थोडा वंशपरंपरागत अधिकार आहे, असे मी बाईंना गमतीने म्हणत असे. हे गाव म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेच्या हरिषेण राजाच्या वराहदेव नामक मंत्र्याने अजिंठ्याचे सोळावे लेणे कोरविले. संस्कृत काव्यशास्त्रकार राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त या गावी संपणारी एक कथा रचली आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून घराबाहेर पडतो. त्याला आवरण्यासाठी गौरी साहित्यविद्या नावाची वधू निर्माण करून त्याच्या मागे धाडते. ती पूर्वेस, पांचालांत, अवंतीत आणि अखेर दक्षिणेस त्याच्या पाठोपाठ जाते, आणि ज्या ज्या देशी जे वस्त्र नेसते, जशी नाचते-गाते, ते त्या त्या देशाचे होऊन राहते. पूर्वेकडे तो तिला दाद देत नाही, पुढे पुढे विरघळत जातो, आणि विदर्भात पुरता वश होऊन त्यांचे लग्न लागते ते वत्सगुल्मात. या कथेत राजशेखराने जो क्रम लावला आहे तो लक्षात घेण्यासारखा आहे: आधी वेष, मग विलास म्हणजे नृत्यगीत, आणि त्यानंतर वाणी. पंडितांनी वाणीवर, म्हणजे वैदर्भी रीतीवर, ग्रंथच्या ग्रंथ लिहिले. वेष आधी का, असे मात्र कोणी शिंप्यास किंवा कॅमेरावाल्यास विचारले नाही. बाईंनी कथा ऐकून घेतली आणि संगणक उघडून पुढच्या कामाकडे वळल्या, हे त्या वेळी योग्यच झाले.

तांड्यावर चित्रीकरण करावयाचे तर आधी नायकाची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाची, आणि कारभाऱ्याची संमती. ती नसेल तर तहसील कचेरीचा दाखला असूनही उपयोग नाही. आम्ही गेलो तो तांडा पोहरादेवीपासून फार लांब नव्हता. पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी, संत सेवालाल महाराजांचे समाधिस्थान; तेथे नंगाऱ्याच्या आकाराची वास्तू उभी राहून ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले, आणि त्या सोहळ्याच्या निमित्ताने कॅमेरे नि मोठमोठे पडदे आसपासच्या तांड्यांनी इतके पाहिले होते की आमच्या सामानाचे कोणास अप्रूप उरले नव्हते. नायकांनी एकच गोष्ट विचारली: “चित्र काढता ते ठीक; पण नाच तुमच्यासाठी करा लागंल, का आमची होळी हाय म्हणून आम्ही नाचू?” बाईंनी दुसरे कबूल केले. या कबुलीची किंमत पुढे कळली, कारण एकही फेरा ‘पुन्हा एकदा’ म्हणून घेता येणार नव्हता. ऊसतोडीस गेलेली जोडपी मुकादमाची उचल फेडून परत आली असतील तितक्याच बाया फेऱ्यात असणार, आणि आमच्याकडे होळी संध्याकाळी पेटते तशी न पेटता तांड्यात ती पहाटे पेटते, त्यामुळे उजेडाची तजवीज निसर्गाच्या मर्जीवर.

लेंगी फेऱ्यात होते. डफ वाजतो, काशाची थाळी वाजते, एक बाजू गाणे टाकते, दुसरी उचलते, आणि फेरा सरकत राहतो. वरातीला निदान पुढची बाजू असते. रंगमंचाला तर ती असतेच. फेऱ्याला पुढची बाजूच नाही. जेथे कॅमेरा ठेवाल ती बाजू पुढची होते आणि उरलेल्या तीन दिशांच्या बाया पाठमोऱ्या होतात किंवा एकमेकींआड जातात. मी अर्धे आयुष्य कॅमेऱ्याला योग्य जागा शोधण्यात घालविले होते. येथे योग्य अशी जागा नव्हतीच. प्रारंभी मी तिपाईवर कॅमेरा लावून दुरून लांब भिंगाने घेतले, ते सरकारी माहितीपटासारखे दिसले. मग खांद्यावर कॅमेरा घेऊन फेऱ्याच्या गतीने, त्याच दिशेने चालू लागलो, तेव्हा वरातीतल्या उलट्या पावलांची सवय कामास आली. दोन बायांच्या मधली एक जागा मला सोडून देण्यात आली आणि कोणी काही न बोलता फेरा तेवढा रुंद झाला.

ड्रोनचा आग्रह तरुण मंडळींचा. २०२१ सालच्या नियमांनुसार अडीचशे ग्रॅमच्या आतील यंत्रास चालकपरवाना लागत नाही, आमचे यंत्र त्याच वजनाचे होते, आणि पोलीस ठाण्यास रीतसर अर्ज देऊन ठेवला होता. त्याच्या भुणभुणीने डफाचा आवाज बिघडतो म्हणून ध्वनी वेगळा घेतला. वरून जे दिसले ते विलक्षण सुंदर होते हे कबूल केले पाहिजे: पहाटेच्या करड्या उजेडात, राखेच्या ढिगाभोवती, लाल-निळी-पिवळी वर्तुळे स्वतःभोवती फिरत एका मोठ्या वर्तुळात सरकत होती. परंतु त्यात बाई एकही नव्हती. डोक्यावरची टोपली, दोन्हीकडे लोंबणारी चांदीची घुगरी, कांचळीवरचे, म्हणजे चोळीवरचे, कवड्यांचे काम, कोपरापर्यंतच्या बांगड्या म्हणजे बलिये, यांपैकी काही नाही. होते ते केवळ फेटियाचे घेर. फेटिया म्हणजे बंजारा स्त्रीचा घागरा. आरसे, कवड्या, कशिदा आणि पट्ट्यांवर पट्ट्या जोडून तो इतका भारी होतो की नुसता हातात घेतला तरी मनगट वाकते. ड्रोनने तेवढाच पाहिला.

संगणकाने पाहिले ते अगदी उलटे. मानवी देहाचे सांधे ओळखणाऱ्या ज्या प्रणाली अलीकडे निघाल्या आहेत, त्यांत गूगलने सर्वांस खुली करून दिलेली एक आहे. ती चित्रातील माणसाच्या अंगावर ३३ बिंदू मांडते, नाकापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत, आणि त्यांना रेषांनी जोडून हलता सांगाडा उभा करते. तंग काळ्या पोशाखातल्या पुण्याच्या नर्तकींवर ती इतकी अचूक चाले की पाहून नवल वाटावे. फेटियाखालचा गुडघा मात्र तिला दिसत नाही. न दिसणारा सांधा ती अनुमानाने मांडते, आणि अनुमान चुकले की बाई जागच्या जागी मोडल्यासारखी दिसते. त्यातून फेऱ्यात एकीच्या आड दुसरी आली की एकीचा दंड दुसरीच्या खांद्यास जाऊन जडे. संगणकावर बसणारा मुलगा रात्र-रात्र जागून हे सांधे हाताने जागेवर आणीत असे, आणि त्याच्या चिकाटीविषयी मला आदर आहे. परंतु त्याने दुरुस्त केलेला सांगाडा पाहिला की तो लेंगी नाचतो आहे असे वाटत नसे. कोणीतरी लेंगीची कवाईत करीत आहे, असे वाटे.

हे रहस्य तांड्यातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी उलगडले. त्या ओट्यावर बसून आमच्या संगणकाच्या पडद्याकडे पाहत होत्या. मुलाने मोठ्या अभिमानाने दाखविले, “आजी, ह्या तुम्ही.” त्यांनी बराच वेळ निरखून पाहिले आणि विचारले, “माहा फेटिया कुठी हाय?” मुलगा म्हणाला, तो काढून टाकला, आता फक्त नाच आहे. त्यावर त्या म्हणाल्या, “फेटियाच नाही तं नाचते कोण? पाय कुठं थांबावं हे त्याले माहीत रायते, मले नाही.” आणि उठून त्यांनी, वयाच्या मानाने आश्चर्य वाटावे अशा सफाईने, एक गिरकी घेऊन दाखविली. देह थांबला, फेटिया थांबला नाही. तो आणखी थोडा पुढे गेला, पायांवर आदळला, परत फिरला, आणि तो परत फिरल्यावरच त्यांनी पुढचे पाऊल उचलले. तालाच्या दोन आघातांमधील हा जो विलंब आहे, तो कोणत्याही सांध्यात नाही. तो कापडाच्या वजनात आहे. राजशेखराने वेष आधी का ठेवला, याचे मला पटलेले एवढेच उत्तर आहे.

त्यानंतर कामाची दिशाच बदलली. एका संध्याकाळी मी कॅमेऱ्याच्या भिंगाला चिकटून एक लहानसा दिवा लावला होता, तेव्हा फेऱ्यातून वीज चमकल्यासारखे उडू लागले. प्रयोगशाळेत नर्तकांच्या अंगावर जे मणी लावतात ते आलेला प्रकाश कोणत्याही कोनातून आल्या वाटेने परत पाठवितात, म्हणून यंत्रास ते सतत दिसत राहतात. फेटियावरचा सपाट आरसा तसे करीत नाही. तो भिंगासमोर नेमका सरळ आला तरच चमकतो आणि पुढच्या निमिषास विझतो. सेकंदास ५० चित्रे घेतली असता एकेका आरशाची चमक एखाद-दुसऱ्या चित्रातच सापडे. सांगाडा काढण्याच्या दृष्टीने हा सारा बिघाड. मुलाने तसे म्हटलेही. बाईंनी मात्र चित्र काळे करून फक्त चमका ठेवावयास सांगितल्या. आणि मग काळ्या पडद्यावर, कोणताही देह नसताना, गिरकी कोठे सुरू झाली, घेर कोठे पूर्ण भरला, कोठे उलटा फिरला, हे सारे ठिणग्यांच्या ओळींतून स्वच्छ दिसू लागले. म्हाताऱ्या बाईंनी दाखविलेला विलंबसुद्धा त्यात होता. कोण्या सुईवालीने आरसा कोठे टाकावयाचा हे ठरविताना जी अक्कल वापरली होती, तिचा हा हिशेब यंत्राने प्रथमच मांडला असावा; अर्थात तिने तो यंत्रासाठी टाकला नव्हता.

पुण्यातील तालमींस मी दिव्यांसाठी गेलो होतो. बाईंनी तांड्यातील एका बाईंकडून एक फेटिया रीतसर मोल देऊन शिवून घेतला होता आणि त्यांच्या नर्तकींस तो आळीपाळीने नेसवून नाचविण्याचा त्यांचा क्रम चालला होता. समकालीन नृत्यात देह हलका ठेवण्याची, जमिनीवर लोळण्याची, झटक्याने दिशा बदलण्याची या मुलींस सवय. फेटियाने पहिल्या दिवशी त्यांना अक्षरशः ओढून पाडले. हळूहळू कणा मागे गेला, कोपरे अंगापासून दूर झाली, पाऊल टाच आधी टेकवू लागले. कोणी शिकविले नाही. ‘शरीर ही नर्तकाची भाषा’ वगैरे जी वाक्ये कार्यक्रमपत्रिकांत छापलेली असतात, ती वाचताना मला आता त्या मुलींच्या कमरेवर उमटलेल्या नाडीच्या वळाची आठवण होते.

प्रयोगात पुढे जाळीचा पडदा, त्यावर चमका, मागे फेटिया नेसलेली एकच नर्तकी आणि कोपऱ्यात ध्वनिमुद्रित नव्हे तर प्रत्यक्ष डफ, असे ठेवले होते. ड्रोनचे दृश्य बाईंनी गाळले. तरुण मंडळी नाराज झाली, पण तो निर्णय मला बरोबर वाटला. पुण्याच्या प्रेक्षकांनी शांतपणे पाहिले आणि शेवटी तंत्रज्ञानाविषयी पुष्कळ प्रश्न विचारले. तांड्यावर तोच प्रयोग शाळेच्या अंगणात केला, तेव्हा वीज मध्येच गेल्यामुळे जनरेटर लावावा लागला आणि त्याच्या आवाजात डफ बुडाला. तरी बाया पडद्याजवळ येऊन आपापल्या चमका ओळखू लागल्या. कोणाच्या फेटियावर आरसे दाट, कोणाच्या विरळ, कोणाचा सासरी आल्यावर बदललेला, यावरून ठिणग्यांच्या कोणत्या ओळी कोणाच्या हे त्या सांगत होत्या, आणि त्यात त्यांच्यात वादही झाले. गाळलेले ड्रोनचे चित्र मात्र नायकांनी मागून घेतले. त्यांना त्यात तांडा दिसत होता, घरे, गोठे, नवी टाकी, पाणंद रस्ता. चित्रीकरणाची संपूर्ण प्रत तांड्याकडे राहावी अशी त्यांची अट पहिल्यापासून होती, त्याप्रमाणे एक हार्डडिस्क कारभाऱ्यांच्या कपाटात ठेविली आहे आणि वर्षातून एकदा ती चालवून पाहण्याचे काम मजकडे आहे, कारण न चालविता ठेवलेली चकती मुकाट्याने मरते.

आता बाईंच्या मनात चहूबाजूंचे चित्र एकदम घेणारा कॅमेरा फेऱ्याच्या मध्यभागी ठेवावा, आणि प्रेक्षकाने डोळ्यांवर ती पेटीसारखी चष्मेवजा वस्तू चढवून जणू फेऱ्याच्या मध्यावर उभे राहावे, असे आहे. फेऱ्याला पुढची बाजू नाही या अडचणीवर हा तोडगा कागदावर बिनतोड आहे, आणि माझी तक्रार एवढीच की त्या तांड्यात मध्यभागी डफवाले उभे असतात, ती जागा मोकळी नाही. नायकांपुढे गोष्ट काढली तेव्हा त्यांनी इतराजी दाखविली नाही, हसून म्हणाले, “मधी जो उभा रायते त्याले वाजवा लागते.” बाई त्या दिवसापासून थाळी शिकत आहेत. मी कॅमेऱ्याची तिपाई डफवाल्यांच्या कमरेखाली बसेल इतकी आखूड करून मिळते का, याची अकोल्यास चौकशी करून ठेवली आहे. यंदाच्या होळीस ऊसतोडीची मंडळी वेळेवर परतली तर ती तिपाई लागेल.